ट्रॅक्टर घ्यावा, जुने यंत्र ठेवावे की भाड्याने आणावे?

गोकुळ रोडवर राहणाऱ्या माणसाला यंत्रांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची घरघर, परिवहन महामंडळाच्या मुख्य कचेरीकडे वळणाऱ्या बसेस, विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी, आणि एखाद्या विक्रीदालनापुढे ओळीने उभे केलेले नवे कोरे ट्रॅक्टर हे सारे आम्ही रोज पाहतो. खंडेनवमीला त्या ट्रॅक्टरना झेंडूच्या माळा घातल्या म्हणजे तर पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. अशा एका ट्रॅक्टरवर माझ्या काकांची नजर बसली आणि त्यातून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला.

माझे वडील हुबळीत नोकरीला असले तरी आमची शेती खानापूर तालुक्यात आहे. दहावीपर्यंत मी काकांकडे राहून गावच्या मराठी शाळेत शिकले. आमची जमीन सहा एकर. चार एकर भात, दोन एकर ऊस. घरी एक पॉवर टिलर आहे. त्याला चौदा वर्षे झाली. गेल्या दसऱ्याला काका आमच्याकडे आले आणि जेवताना म्हणाले, "काय गं, तू कॉमर्स शिकतेस ना? मग सांग बघू, टिलर मोडून ट्रॅक्टर घेऊया काय? भाऊबंदांत दोघांच्या दारात ट्रॅक्टर आला. आपणच किती दिवस दुसऱ्याच्या मागे फिरायचे?" पहिली रक्कम भरण्यासाठी काकूंच्या पाटल्या मोडायच्या आणि बाकी कर्ज जमिनीवर काढायचे, असा त्यांचा विचार होता. काकू काही बोलल्या नाहीत.

वर्गात आपण स्थिर खर्च, बदलता खर्च, घसारा हे शब्द परीक्षेपुरते पाठ करतो. पाटल्यांची गोष्ट निघाल्यावर मात्र मला ते शब्द वहीतून बाहेर काढावे लागले. तो हिशेब येथे मांडते. यातील किमती व दर मी सोपे आणि गोल धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे आकडे घालावेत, रीत तीच राहील.

प्रथम मालकीचा खर्च पाहू. त्याचे दोन भाग पडतात. यंत्र चालो वा उभे राहो, जो खर्च होतोच तो स्थिर खर्च. यंत्र जितके तास चालेल तितका वाढणारा तो बदलता खर्च. समजा, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून नऊ लाख रुपये पडले. दहा वर्षांनी तो दोन लाखांना विकला जाईल असे धरू. म्हणजे सात लाखांचा घसारा दहा वर्षांत, वर्षाला ७०,००० रुपये. नंतर व्याज. गुंतलेली सरासरी रक्कम नऊ आणि दोन यांच्या मध्यावर, म्हणजे साडेपाच लाख. शेकडा दहा दराने ५५,००० रुपये. येथे काका म्हणाले, "स्वतःचे पैसे घातले तर व्याज कशाला?" परंतु स्वतःचे पैसेही दुसरीकडे ठेवले असते तर काही मिळालेच असते. ते सोडले, तो खर्चच झाला. विमा, कर, शेड यांचे १५,००० धरू. एकूण स्थिर खर्च वर्षाला १,४०,००० रुपये.

आता बदलता खर्च. तासाला चार लिटर डिझेल, ९० रुपये दराने ३६० रुपये. चालकाचे १००. ऑईल व दुरुस्तीचे ९०. एकूण तासाला ५५० रुपये.

बहुतेक शेतकरी हिशेब करताना एवढे ५५० रुपयेच मोजतात. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला १,२५० रुपये घेतो, घरचा ५५० रुपयांत चालतो, म्हणजे तासाला ७०० रुपये वाचले, असे त्यांना वाटते. हे ७०० रुपये खोटे नाहीत. पण त्यांतून आधी वर्षाचे १,४०,००० भरून निघाले पाहिजेत. १,४०,००० ला ७०० ने भागले तर २०० येतात. म्हणजे वर्षाला २०० तास काम असेल तर घरचा ट्रॅक्टर आणि भाड्याचा ट्रॅक्टर सारखेच पडतात. आपल्या पुस्तकातील 'ना नफा ना तोटा बिंदू' म्हणतात तो हाच. त्याच्या अलीकडे भाडे परवडते, पलीकडे मालकी.

आमच्या शेताला किती तास लागतात? काकांना विचारून मी यादी केली. नांगरट व ढेकळे फोडणे २० तास. चिखलणी २४ तास, कारण वाफे लहान, बांध पुष्कळ, वळायलाच वेळ जातो. शेणखत व पीक वाहतूक १६ तास. एकूण ६० तास. हे सर्व काम भाड्याने करून घेतले तर ७५,००० रुपये. स्वतःचा ट्रॅक्टर ठेवला तर १,४०,००० अधिक ३३,००० मिळून १,७३,००० रुपये. फरक वर्षाला ९८,००० रुपयांचा! गोकुळ रोडवरून सुटणारी बस रोज सकाळपासून रात्रीपर्यंत धावते, म्हणून तिची मोठी किंमतही तिकिटातून वसूल होते. आमचा ट्रॅक्टर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ६० तास चालेल आणि उरलेला सर्व काळ शेडमध्ये उभा राहून खर्च करीत राहील.

काकांनी दुसरा मुद्दा काढला. "आता कर कमी झाला, ट्रॅक्टर स्वस्त झाला." हे खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. आधी ९,६०,००० ला पडणारा ट्रॅक्टर आता नऊ लाखांना पडतो. साठ हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. पण ती दहा वर्षांवर पसरली की घसाऱ्यात ६,००० आणि व्याजात ३,००० एवढीच वार्षिक बचत होते. २०० च्या ऐवजी पूर्वी २१३ तास काम लागले असते, इतकाच काय तो फरक. ज्याला १८० तास काम आहे त्याने या सवलतीचा विचार जरूर करावा. ६० तासवाल्याचा निर्णय तिने बदलत नाही.

घसाऱ्याबाबत आणखी एक गोष्ट आपल्या वर्गात फारशी बोलली जात नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखानदार नवे यंत्र घेतो तेव्हा घसारा दाखवून त्याचा प्राप्तिकर कमी होतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही, म्हणून शेतकऱ्याला तो आधार मिळत नाही. घसारा त्याच्याच खिशातून जातो आणि कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

हे सारे ऐकून काका गप्प बसतील असे मला वाटले होते. पण त्यांनी विचारले, "पाऊस लागल्यावर भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही, त्याचा हिशेब कुठे आहे तुझ्या वहीत?" हा प्रश्न खरोखर मोलाचा होता, आणि माझ्या वहीत त्याचे उत्तर नव्हते. कारण भाड्याचा दर सर्वांना सारखा असला तरी वेळ सारखी नसते. चिखलणीच्या पंधरवड्यात सगळ्या गावाला एकच यंत्र हवे असते. तरव्यातील रोप जून झाले की फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. गेल्या तीन हंगामांत दोनदा आमच्या वरच्या वाफ्यांची लावण अशीच लांबली होती.

म्हणून उशिराचीही किंमत काढली. एकरी तीन क्विंटल घट धरली तर चार एकरांत १२ क्विंटल. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. त्याप्रमाणे नुकसान २८,४२८ रुपये. तीन वर्षांत दोनदा, म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे १९,००० रुपये. तेव्हा भाड्याचा खरा खर्च ७५,००० नसून ९४,००० आहे. तरीही तो १,७३,००० पेक्षा पुष्कळच कमी. मात्र काकांच्या प्रश्नाने हिशेबाची एक नवी वाट उघडली. उशीर फक्त चिखलणीत नडतो. नांगरटीला उन्हाळ्याचे दिवस हाताशी असतात, चार दिवस इकडे तिकडे झाले तर चालते. मग सर्व कामांसाठी एकच उत्तर कशाला?

येथे जुन्या टिलरची आठवण झाली. जुने यंत्र ठेवावे की काढावे हे ठरवताना एक चूक नेहमी होते. "दोन वर्षांपूर्वी त्याच्या इंजिनावर एवढे पैसे घातले, आता कसे विकू?" असे आपण म्हणतो. गेलेले पैसे विकले तरी परत येत नाहीत आणि ठेवले तरी येत नाहीत. पाहायचे ते पुढच्या एका वर्षाकडे. टिलर आज विकला तर ४०,००० येतील, पुढच्या वर्षी ३०,०००. म्हणजे घट १०,०००. अडकलेल्या रकमेचे व्याज ४,०००. दुरुस्ती १८,०००. डिझेल व मजुरी १२,०००. एकूण ४४,००० रुपयांत चिखलणी आपल्या वेळेवर होते. नांगरट व वाहतुकीचे ३६ तास भाड्याने घेतले तर ४५,०००. दोन्ही मिळून ८९,००० रुपये.

आता तिन्ही वाटा शेजारी ठेवू. नवा ट्रॅक्टर १,७३,०००. सर्व काम भाड्याने, उशिराच्या नुकसानीसह, ९४,०००. टिलर ठेवून बाकी भाड्याने ८९,०००. शेवटच्या दोहोंत अंतर फक्त पाच हजारांचे आहे. म्हणजे टिलरची दुरुस्ती १८,००० वरून २३,००० च्या पुढे जाईल त्या वर्षी त्याला निरोप द्यावा. यंत्र किती वर्षांचे झाले याहून पुढच्या वर्षी ते काय मागणार, हे पाहणे महत्त्वाचे.

चौथी वाटही आहे. चार भाऊबंदांनी मिळून ट्रॅक्टर घेतला तर ६० चे २४० तास होतात आणि तास ११३३ रुपयांना पडतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबण्याला मराठीत 'सावड' म्हणतात, कन्नडमध्ये 'मुय्याळु'. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे त्याला गिऱ्हाईक मिळेना. पुढे तोच नांगर गावोगाव गेला. तो एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला होता. ट्रॅक्टर तसा नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आतबाहेर आहे. एवढ्या जमिनीला ट्रॅक्टरचे २०० तास कोठून पुरवणार? म्हणून यंत्र वाटून घेण्याची सोय जगात इतरत्रही झाली. जर्मनीतील बव्हेरियात १९५८ साली शेतकऱ्यांचे 'यंत्र-मंडळ' निघाले. ज्याच्याकडे जे यंत्र आहे ते तो ठरलेल्या दराने दुसऱ्याला देतो आणि मंडळ मध्ये राहून कामाची जुळणी करते. आपल्या कर्नाटक सरकारनेही २०१४-१५ पासून 'कृषी यंत्रधारे' नावाने होबळी पातळीवर भाड्याच्या यंत्रांची केंद्रे सुरू केली.

सामायिक ट्रॅक्टरला अडचणी नाहीत असे नव्हे. चौघांचीही चिखलणी एकाच पंधरवड्यात येते. पाळी कोणाची, डिझेल कोणाचे, मोडले तर कोणी भरायचे, एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा वाटा कसा काढायचा, हे आधी कागदावर लिहिले नाही तर ट्रॅक्टर राहील आणि भाऊबंदकी वाढेल. तसेच ट्रॅक्टर घेऊन १४० तास बाहेर भाड्याने चालवू म्हणणाऱ्यानेही उधारी, शेताशेतांतील रिकामी फेरी आणि आपल्याच लावणीच्या वेळी आलेले गिऱ्हाईक यांचा विचार करावा.

वहीची पाने मी काकांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. टिलर ठेवायचा आणि नांगरटीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर महिनाभर आधी सांगून ठेवायचा, असे ठरले. सामायिक ट्रॅक्टरबद्दल भाऊबंदांशी बोलेन म्हणाले, पण त्यांच्या आवाजात फारशी उमेद नव्हती. दारात ट्रॅक्टर असण्याचा मान माझ्या कोणत्याच रकान्यात बसला नव्हता, हे मलाही कळत होते. काकू जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. पाटल्या अजून त्यांच्या हातांत आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकांची घरे शेतीवर उभी आहेत. सुटीत गावी जाल तेव्हा एक वही न्या. वर्षाला किती तास काम आहे, यंत्र उभे राहिले तरी किती खर्च होतो, भाड्याचा दर काय आणि उशीर झाला तर किती नुकसान होते, एवढे चार प्रश्न घरच्यांना विचारा. कन्नड विभागातील मित्रांनाही हे सांगणे अवघड नाही. आपल्या भागातले कन्नड बोलणारे शेतकरीही तासाला 'तासु'च म्हणतात, आणि सारा हिशेब त्या तासाचाच आहे.