घरी कारचा सायलेन्सर बदलताय? टूल्सची पेटी मागवण्याआधी फोन घेऊन गाडीखाली वाका

ऑनलाइन 'कार टूल किट' सर्च केलं की ४६ नग, १०८ नग, २१६ नग अशा पेट्या समोर येतात. फोटोत सगळं चकचकीत दिसतं, रेटिंगही चांगलं असतं. पण सायलेन्सर बदलायच्या कामात त्यातले चार-पाच नगच हाताला लागतात, आणि काम जिथे अडतं तिथे जे हवं असतं ते बहुतेक वेळा पेटीत नसतंच. म्हणून पेटीत किती नग आहेत हे बघू नका, तुमच्या गाडीखाली कोणते नट आहेत ते बघा.

शहरात हे चुकलं तर फारसं बिघडत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन १४ चा सॉकेट आणता येतो. माझं गाव घाटघर. जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाट आणि जीवधनाच्या शेजारचं. (अकोले तालुक्यातलं धरणाचं घाटघर वेगळं, गूगल मॅपवर बऱ्याच जणांची गल्लत होते.) इथून स्पेअर पार्टचं दुकान म्हणजे जुन्नर, सुमारे ३० किलोमीटर. आणि एकदा गाडी स्टँडवर चढवून अर्धी खोलली की त्या दुकानात जायला गाडीच उरत नाही. त्यामुळे आमच्याकडे यादी आधी पक्की करावी लागते. हीच सवय शहरातल्या माणसालाही उपयोगी पडेल.

इथे सायलेन्सर लवकर सडतो, त्याचं कारण फक्त बाहेरचा पाऊस नाही. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. लांब पल्ल्याला सायलेन्सर तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर वाफ मागच्या डब्यातच थंड होऊन साचते आणि डबा आतून गंजतो. बाहेरून घाटमाथ्याचा पाऊस, आतून हे पाणी. नट-बोल्टही त्याच ओलीत असतात, आणि टूल्स निवडताना खरा प्रश्न त्यांचाच आहे.

गाडी पूर्ण थंड असताना फोनचा टॉर्च लावून खालून व्हिडिओ काढा, इंजिनपासून मागच्या टोकापर्यंत. प्रत्येक जोडाचा जवळून फोटोही घ्या. हे सगळं गाडी जमिनीवर असताना, हात लांब करून. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालून नाही. इंजिनला लागून मॅनिफोल्ड, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग लांब पाइप आणि शेवटी मागचा डबा. घरी बदलायचा तो शेवटचा डबा, तोही नट-बोल्टने जोडलेला असेल तरच. जोड वेल्डिंगचा असेल तर हे काम गॅरेजचं. मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरला तर हात लावूच नका. तिथे ऑक्सिजन सेन्सर असतात, गंजलेला स्टड आत तुटला तर तो काढायला ड्रिल लागतं, आणि कन्व्हर्टर महाग असतो कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात.

आता खरेदी. पहिले पैसे जॅक स्टँडच्या जोडीवर. डिकीत मिळणारा कात्री जॅक टायर बदलायचा आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही. गावात ट्रॅक्टर असलेल्या घरी हायड्रॉलिक बॉटल जॅक मिळून जातो, पण तो मुळातच उंच असल्याने लहान कारखाली शिरेल का ते आधी मोजा. कोणताही जॅक असो, तो फक्त उचलण्यासाठी. तेल गळलं किंवा सील गेलं की तो हळूहळू किंवा एकदम खाली बसतो. गाडी उभी राहते ती स्टँडवर. स्टँड कुठे टेकवायचा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्या पानाचा फोटो आधीच फोनमध्ये ठेवा, डोंगराच्या आडोशाला रेंजचा भरवसा नसतो.

एक गोष्ट बऱ्याच व्हिडिओंत सांगत नाहीत. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. सायलेन्सरसाठी तुम्ही मागचीच चाकं उचलता, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी धरायला त्याचा उपयोग शून्य. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका, थोडा आधार मिळतो. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअरही गेला आणि ब्रेकही गेला. दोन्ही प्रकारांत पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके किंवा चांगले बसणारे दगड लावलेच पाहिजेत. अंगण सपाट आहे का हे फोनमधल्या लेव्हल अ‍ॅपने तपासा. डोळ्यांना सपाट वाटणारं अंगण बऱ्याचदा पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतरतं केलेलं असतं. जमीन मातीची असेल तर स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा घाला, आणि पावसाळ्यात भिजलेल्या मातीवर हे काम काढूच नका. घाटघरला याचा सरळ अर्थ असा की हे काम दिवाळीनंतरचं.

दुसरे पैसे सॉकेटवर. किट नको, सुटे घ्या. जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिमी बोल्टचं डोकं सहसा १२ चं आणि १० मिमीचं १४ चं असतं. युरोपीय वळणाच्या गाड्यांत तेच १३ आणि १६ किंवा १७ होतं. हा एका मिलिमीटरचा फरक फोटोत कळत नाही. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. कॅलिपर नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला फोटो आणि मॉडेल पाठवून विचारा. गंजाचा पापुद्रा घासून काढल्याशिवाय मोजू नका, नाहीतर १२ चा नट १३ चा वाटतो.

सॉकेट सहा कोनांचा हवा, बारा कोनांचा नको. बारा कोनांचा अडचणीच्या जागी पटकन बसतो म्हणून किटमध्ये तो बऱ्याचदा असतो, पण त्याची पकड नटाच्या टोकांवर येते. गंजलेल्या नटाची टोकं आधीच झिजलेली असतात, जोर लावला की नट गोल होतो आणि मग कुठलाच पाना लागत नाही. सहा कोनांचा सॉकेट सपाट बाजूंना धरतो. लांब बोल्टची दांडी नटाबाहेर आलेली असेल तर खोल सॉकेट घ्या. बोल्टचं डोकं पलीकडून धरायला त्याच मापाचा रिंग पाना लागतो, तो विसरलात तर नट-बोल्ट दोन्ही एकत्र फिरत बसतील.

फिरवायला अर्धा इंची लांब सरळ दांडा, ज्याला ब्रेकर बार म्हणतात. रॅचेट दिसायला भारी, पण आतले दाते गंजलेला नट सोडवण्यासाठी बनवलेले नसतात. हिशोब साधा आहे: २० किलोचा जोर २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर लावला तर सुमारे ४९ न्यूटन-मीटर, ५० सेंटिमीटरच्या दांड्यावर सुमारे ९८. तेवढ्याच दमात दुप्पट. नट ढिला झाला की मग रॅचेट वापरा.

दांड्याच्याही आधी गंज सोडवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आहे. १९५३ साली अमेरिकेत तो पाणी हटवून गंज टाळण्यासाठी बनवला गेला. लागलेला गंज सोडवायला खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त कामाचं. आदल्या रात्री वायर ब्रशने घासून मारा, हातोडीने हलकेच ठोका, सकाळी परत मारा. ही वाट बघणं फुकटचं आहे आणि कुठल्याही महागड्या टूलपेक्षा जास्त काम करतं. गॅसची ज्योत लावून नट तापवताना रीलमध्ये बघितलं असेल. गॅरेजवाले ते करतात. तुम्ही करू नका, पेट्रोलची टाकी आणि नळ्या तिथूनच जवळ असतात.

डबा ज्या रबरी हँगरवर लटकतो ते काढायला खास पक्कड मिळते, पण साबणाचं पाणी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर यांनी भागतं. तिथे ऑइल लावू नका, रबर फुगतं. हँगरला चिरा असतील तर नवे घ्या. नवीन गॅस्केट आणि नवीन नट-बोल्ट डब्यासोबतच मागवा, जुनं गॅस्केट परत बसवलं तर जोड गळण्याची शक्यता जास्त. चढवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. टॉर्क रेंच फक्त या कामासाठी विकत घेऊ नका, कुणाकडून मिळाला तर मॅन्युअलमधल्या आकड्यावर कसा. चष्मा आणि हातमोजे मात्र हवेतच, खाली झोपल्यावर गंजाची भुकटी थेट डोळ्यांत येते.

टेक साइट आहे म्हणून ब्लूटूथवाल्या ओबीडी डाँगलबद्दलही सांगतो: या कामाला गरज नाही. ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या आजूबाजूला असतात. मागच्या डब्याचा जोड गळत असला तरी अ‍ॅपमध्ये काहीच दिसणार नाही, आणि 'एरर नाही म्हणजे जोड पक्का' असा खोटा दिलासा मिळेल.

डबा मूळ प्रकारचाच घ्या. आवाजासाठी मोकळा पाइप लावायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आणि जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याच्या बातम्याही.

जोडलं की गाडी खाली उतरवा, उघड्यावर आणा आणि मगच चालू करा. पडवीत किंवा शेडमध्ये नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. जोड थंड असतानाच, गाडीखाली न शिरता, बाजूने स्प्रे बाटलीने त्यावर साबणाचं पाणी मारा आणि फोन सेल्फी स्टिकवर लावून तिथे धरा. बुडबुडे आले तर गळती आहे. नाही आले तर एखादी जुन्नरची फेरी मारून या, आणि गाडी पूर्ण निवाल्यावर ते नट पुन्हा एकदा तपासा. पहिल्यांदा तापून निवताना गॅस्केट थोडं दबतं आणि नट किंचित ढिले होतात.