दर तपासले, ट्रॉल्या कोण मोजणार?

मध्य प्रदेशात शहडोल जिल्ह्यातल्या सकंदी शाळेचा चार लिटर रंग एव्हाना प्रत्येकाच्या मोबाइलवर सांडून झाला आहे. तेवढा रंग लावायला १६८ मजूर, ६५ मिस्त्री, बिल लाखाच्या वर. त्याच जुलैत (२०२५) भदवाही ग्रामपंचायतीत तासाभराच्या कार्यक्रमाला १४ किलो सुकामेवा लागल्याचं निघालं. हसून झालं, आता नेहमीची हाळी: खरेदीचे नियम कडक करा.

नियमांचा काय तुटवडा आहे? पंचायतींच्या खरेदीचे नियम १९९९ पासून आहेत, राज्याचे भंडार क्रय नियम २०१५ चे. २४ एप्रिल २०२३ ला पंतप्रधानांनी आपल्याच राज्यात, रीव्याला, पंचायतींच्या हिशेबाचं ई-ग्रामस्वराज आणि सरकारी खरेदीचं जेम जोडणारं पोर्टल सुरू केलं. खुर्च्या, कॉम्प्युटर, पथदिवे घ्यायला ते ठीक. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या गावात नाली बांधायची तर रेती, गिट्टी, मुरूम हवा, आणि तो काही कुरिअरनं येत नाही. तिथे शेवटी तीन कोटेशनं. तीन लेटरहेड, तीन शिक्के, अक्षर मात्र एकाचंच; ही कारागिरी जनपद पंचायतीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

सगळी सुधारणा चालली आहे ती दराच्या मागे: सर्वांत स्वस्त कोण? शहडोलात गडबड रंगाच्या दरात नव्हतीच, मजुरीच्या रकान्यात होती. तिथल्याच निपनिया शाळेच्या बिलाची तारीख ५ मे, आणि मुख्याध्यापकांची पडताळणीची सही, बातम्यांनुसार, ४ एप्रिलची! अशा सहीपुढे कुठलं टेंडर टिकणार?

म्हणून कुलूप लावायचंच तर ते पैसे निघण्याच्या दारावर लावा. आज उपयंत्री मूल्यांकन करतो, माप पुस्तिका भरली जाते, बिल पंचायत दर्पण पोर्टलवर चढतं. पण तिथे दिसेपर्यंत पैसा गेलेला असतो. रेतीच्या ट्रॉल्या चार पडल्या की सात, हे समोरच्या ओट्यावर बसलेल्याला पक्कं ठाऊक असतं. पण त्याला कुणी विचारत नाही. ज्या वॉर्डात काम, तिथल्या पंचाची आणि बचत गटातल्या दोन बायांची माल मिळाल्याची सही असल्याशिवाय रक्कम निघू नये, एवढंच मागणं आहे.

पांढुर्णा जिल्हा ५ ऑक्टोबर २०२३ ला झाला, कलेक्टरला भेटायला आता छिंदवाडा गाठावं लागत नाही. एवढ्याशा जिल्ह्यात दहा-वीस पंचायतींत हे करून बघायला काय हरकत? पंचही कुणाचा तरी माणूस असतो, असं सचिव लोक म्हणतील. असेल. पण तीन लेटरहेड जमवणं सोपं, अख्खा वॉर्ड गप्प बसवणं महाग पडतं.