सिम्युलेटरमधली ढाक्याची मोहीम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्लाइट सिम्युलेटरवर जुनी युद्धमोहीम उभी करायची तर त्या दिवशीचे विमान, त्या दिवशीची जमीन आणि त्या दिवशीच्या अडचणी ही तिन्ही जुळावी लागतात. भारत-पाकिस्तान युद्धात १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर झालेला हल्ला अनेकांना असा उभा करावासा वाटतो. पूर्व पाकिस्तान सरकारची महत्त्वाची बैठक असल्याचा बिनतारी संदेश भारताच्या हाती लागला आणि विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली २८ स्क्वॉड्रनची चार मिग-२१ विमाने गुवाहाटीहून निघाली. त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक यांनी राजीनामा दिला.

पहिला गैरसमज विमानाबद्दलचा: मिग-२१ म्हटले की सगळी सारखीच. नाशिक जिल्ह्यात तरी हा गैरसमज राहू नये. जिल्ह्यातल्याच ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये याच विमानाचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार एकामागून एक तयार झाले. त्यांतली एफएलच सुमारे दोनशे. १९७१ च्या युद्धात लढले ते एफएल. डीसीएस वर्ल्ड या लोकप्रिय सिम्युलेटरमध्ये बारकाव्यांसह मिळते ते बिस, जे हवाई दलात युद्धानंतर काही वर्षांनी आले. बिसचे इंजिन जास्त ताकदीचे, पंखांखाली शस्त्रे टांगायच्या जागा चार आणि तोफ विमानातच बसवलेली. एफएलला अशा जागा दोनच. तोफ हवी असेल तर ती पोटाखाली वेगळ्या खोळीत टांगायची आणि तिथल्या जादा इंधनटाकीवर पाणी सोडायचे. म्हणून बिस घेऊन ढाक्याची मोहीम उडवणाऱ्याने निदान दोन बंधने पाळावीत: आतली तोफ वापरायची नाही आणि पंखांखाली सोळा-सोळा रॉकेटांचे दोनच संच लावायचे. म्हणजे विमानामागे ५७ मिलिमीटरची ३२ रॉकेटे. तेवढ्यात काम भागवावे लागले, तरच त्या चार वैमानिकांपुढचा प्रश्न थोडाफार कळतो.

दुसरा गैरसमज सर्वात पक्का आहे: उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेली जमीन म्हणजे खरी जमीन. ती खरी असते, पण आजची. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी आहे, त्यामुळे ढाकाही आहे. मात्र ते उंच इमारतींनी भरलेले आजचे महानगर आहे. ढाक्यातल्या कुर्मिटोल्याचा आजचा गजबजलेला विमानतळ १९७१ मध्ये अर्धवट बांधलेला होता. लढाऊ विमानांचा तळ होता तेजगावला. बांगलादेशातल्या जमुनेसारखी नदी दरवर्षी काठ खाते, नवी बेटे टाकते. पन्नास वर्षांपूर्वी खूण म्हणून धरलेले तिचे वळण आज जागेवर असेलच असे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावकरांना हे गिरणा धरणावरून लगेच पटेल. पावसाळ्यानंतरचा जलाशय आणि मे महिन्यातला जलाशय आकाशातून एकच वाटत नाहीत, आणि छायाचित्रात त्यांपैकी एकच गोठलेला असतो.

जमिनीला जोडूनच वाट शोधण्याचा प्रश्न येतो. बिश्नोईंच्या तुकडीला ऐन वेळी लक्ष्य बदलल्याचे कळले आणि हाताशी होता तो ढाक्याचा पर्यटकांसाठीचा नकाशा. उपग्रहावरून स्वतःची जागा कळण्याची सोय तेव्हा नव्हती. होकायंत्र, घड्याळ आणि डोळे एवढीच साधने. याचा सराव घरच्या मुलखावर करून पाहता येतो. ओझर ते नांदगाव सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला १५, म्हणून साधारण पाच मिनिटे वीस सेकंदांनी नांदगाव खाली यायला हवे. मनमाडहून चाळीसगावकडे जाणारा रेल्वेमार्ग दिसला तर रस्ता बरोबर. पण घड्याळाकडे दहा सेकंद उशिरा पाहिले की गाव अडीच किलोमीटर मागे पडलेले असते. पडद्यावरचा हलता नकाशा चालू ठेवला तर ही सगळी कसोटीच नाहीशी होते. तो बंद ठेवणे हा पुनर्निर्मितीचा गाभा आहे. विमानाच्या रंगावर आठवडे घालवणारे नेमके हेच विसरतात.

हवाई मोहीम म्हटली की झुंज असणारच, या समजुतीने पुष्कळ जण ढाक्याच्या आकाशात पाकिस्तानी सेबर विमाने आणून ठेवतात. प्रत्यक्षात युद्धाच्या पहिल्या काही दिवसांतच भारतीय विमानांनी तेजगावची धावपट्टी बॉम्ब टाकून उखडली आणि तिथली सेबर जमिनीलाच खिळली. १४ तारखेला आकाशात शत्रूचे विमान नव्हते. धोका होता तो जमिनीवरच्या विमानविरोधी तोफांचा. सेबर उडवून रंगत वाढते, पण आधीच्या दहा दिवसांची मेहनत पुसली जाते.

सिम्युलेटरवर जमले की खरे विमानही जमेल, हाही एक समज. बटणे, क्रम आणि मोजमापे शिकता येतात. मात्र जोरदार वळणात शरीराचे वजन पाचपट होते, ७० किलोचा माणूस ३५० किलोचा भार सोसतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते. घरच्या खुर्चीत यातले काहीच नसते.

शेवटचा गैरसमज पुराव्याबद्दलचा. खेळाडूची रॉकेटे चुकली म्हणून इतिहासातली चुकली असती असे ठरत नाही. काय घडले ते नोंदींवरून आणि सहभागी वैमानिकांच्या कथनांवरूनच ठरते. पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा यांचे 'ईगल्स ओव्हर बांगलादेश' हे पुस्तक त्यासाठी आधी वाचावे. सिम्युलेटर अंतर, वेळ आणि इंधन यांची पडताळणी मात्र चोख करतो. गुवाहाटी ते ढाका सरळ अंतर सुमारे २८५ किलोमीटर, म्हणजे ताशी ९०० च्या वेगाने १९ मिनिटे. कोणी हे अंतर जमिनीलगत दहा मिनिटांत कापल्याचे सांगितले, तर वेग ताशी १,७०० किलोमीटर पडतो, आणि तेवढ्या खाली मिग-२१ एफएलला तो गाठता येत नाही.