फोम, कापड आणि मावळातला पाऊस

भोर-वेल्ह्याकडचा कुणी जुना स्पीकर घ्यायला निघाला की मी त्याला सगळ्यांत आधी विचारतो, वूफरची कड कशाची आहे? कंपनी कोणती, किती वॅटचा, कुठल्या साली बनला, हे सगळं नंतर. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या भागाचा, पडदा आणि त्याची पत्र्याची किंवा बिडाची चौकट यांना जोडणारी एक गोल पट्टी असते. ती फोमची आहे, रबराची आहे की कापडाची, यावर तो स्पीकर आमच्या हिरडस मावळात आणि गुंजण मावळात किती पावसाळे काढणार ते ठरतं.

दुकान वडिलांचं, रेडिओदुरुस्तीचं. वॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, जत्रेचे कर्णे, टेपरेकॉर्डर असं करत ते माझ्याकडे आलं. आता रेडिओ क्वचित येतो, जुने स्पीकर मात्र वाढत चाललेत. पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तशा दिवाणखान्यातल्या आणि माळ्यावरच्या जोड्या विक्रीला निघाल्या. कधी त्या थेट घरातून मिळतात, कधी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी दिसतात. पानशेत आणि गुंजवणीच्या काठावर बंगले बांधलेली मंडळी फ्लॅटमध्ये न मावणारे मोठे स्पीकर इकडे आणून ठेवतात. बंगला जूनपासून बंद. दसऱ्याला दार उघडावं तर पडद्यावर पांढरी बुरशी, चिपबोर्डची पेटी तळाशी फुगलेली, आणि मागच्या भोकातून आत शिरलेल्या उंदरांनी आतल्या कापसात संसार थाटलेला.

एवढं असूनही जुना स्पीकर का घ्यावा? कारण त्यातल्या काही गोष्टी आज त्या दामात कुणी करून देणार नाही. चुंबकाचंच घ्या. १९५०-६० च्या दशकातल्या चांगल्या स्पीकरमध्ये अल्निकोचं चुंबक असायचं, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू. जगाचा बराचसा कोबाल्ट तेव्हा झाईरमधून यायचा. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि बहुतेक कारखाने फेराइटच्या स्वस्त चुंबकाकडे वळले. फेराइट वाईट असतं असं मी म्हणणार नाही, उत्तम फेराइट स्पीकर मी ऐकलेत. पण जुन्या अल्निकोच्या वूफरचं चुंबक शाबूत असेल तर बाकी सगळं दुरुस्त करता येतं, एवढं खरं.

नावाजलेल्या जोड्यांची नावं वाचकांच्या कानावर असावीत. इंग्लंडच्या टॅनॉयने १९४७ मध्ये वूफरच्या पोटातच वरच्या स्वरांचा ट्विटर बसवलेला ड्युअल कॉन्सेंट्रिक स्पीकर आणला. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून एआर-१ बनवला आणि छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पीटर वॉकर यांचा क्वाड ईएसएल १९५७ चा. त्यात कागदी पडदाच नाही, विजेच्या दाबाखाली ताणलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आहे. बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून एलएस ३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा मॉनिटर तयार केला, तो १९७० च्या दशकात.

आमच्याकडे अशा जोड्या क्वचित येतात. परवान्यांच्या काळात परदेशातून माणसं टू-इन-वन आणायची, फार तर ॲम्प्लिफायर. वीस-वीस किलोच्या दोन पेट्या विमानातून कोण आणणार! त्यामुळे भोरच्या घरांत सापडतो तो बहुधा देशी माल: १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनचा, मुंबईच्या कॉस्मिकचा, फिलिप्सचा. या देशी जोड्यांना लोक उगीच कमी लेखतात. आणि ज्यांना वाटतं की उंची स्पीकर म्हणजे विलायतीच, त्यांना मी पुण्याच्या कॅडेन्सचं नाव सांगतो. खालच्या स्वरांना साधा वूफर आणि वरच्यांना इलेक्ट्रोस्टॅटिक पापुद्रा, असे मिश्र जातीचे स्पीकर पुण्यात बनले आणि परदेशातही ऐकले गेले.

आता फोमकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. वूफरच्या कडेला पॉलियुरेथेनचा फोम वापरणं १९७० च्या दशकात रूढ झालं. हलका, लवचिक, कारखान्याला सोयीचा. पण हवेतली वाफ आणि उष्मा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातात. स्पीकर वाजवा नाहीतर कपाटात ठेवा, सडायचा तो सडतोच. कोरड्या गावी तो वीस वर्षं जाईल, केळद-पासलीच्या बाजूला तितकी आशा धरू नये. आधी तो चिकट होतो, मग बोट लावलं की भुगा. टॅनॉयच्या कारखान्याला १९७४ मध्ये आग लागली आणि त्यानंतर आलेल्या एचपीडी मालिकेत फोमच्या कडा आल्या. त्याआधीच्या १९६७ च्या मॉनिटर गोल्डला फोम नव्हता. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांमधली थोरली आमच्या पावसात जास्त टिकते. एआरच्या सुरुवातीच्या वूफरना लेप दिलेल्या कापडाची कड होती. तीही चालते, लेप सुकला तर पुन्हा देता येतो. एलएस ३/५ए मधल्या केईएफच्या बी-११० वूफरला निओप्रीन रबराची कड आहे, तिचीही काळजी नाही.

कड गेली म्हणजे स्पीकर गेला असं मात्र मुळीच नाही. नवी कड बसवता येते, आणि हे काम घाईने केलं तरच बिघडतं. वूफर टेबलावर उताणा ठेवून जुना फोम आणि त्याखालचा गोंद ब्लेडने, थोड्या स्पिरिटने भिजवून, धीराने काढायचा. कागदी पडद्याची साल निघता कामा नये. मग मधली गोल टोपी अलगद कापून उचलली की खाली व्हॉइस कॉइल दिसते. ही तारेची नळी चुंबकाच्या फटीत अधांतरी असते आणि दोन्ही बाजूंना जागा असते ती केसाएवढी. त्या जागेत चारी बाजूंनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये अडकते. आता नवी कड आधी पडद्याला चिकटवायची, ती वाळली की चौकटीला. वाळेपर्यंत कपड्याच्या चिमट्यांनी सगळीकडून सारखी दाबून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून दोन्ही हातांची बोटं पसरून पडदा हलकेच आत दाबायचा. खर्रकन आवाज आला तर कॉइल घासते आहे, कड उकलून पुन्हा बसवायची. आवाज आला नाही तर ३० हर्ट्झचा सूर हळू सोडायचा आणि पडदा निमूट डोलतो का ते पाहायचं. ते झालं की टोपी चिकटवायची. इतकं करून जो वूफर परत बोलायला लागतो त्याचा आवाज मूळचाच असतो, फक्त कड पडद्याला शोभेल अशा मऊपणाची हवी. बाजारात मिळणारी जाड, राठ कड लावली की खर्ज आखडतो.

बदल करायची हौस असलेल्या बहुतेकांचं लक्ष मात्र दुसरीकडेच असतं. ते ट्विटर बदलायला सांगतात, महागडी वायर आणतात. माझं मत पक्कं आहे: जुना स्पीकर आधी त्याच्या कर्त्याने केला तसा वाजला पाहिजे, मगच सुधारणेची भाषा. पेटीच्या आत क्रॉसओव्हर नावाची पट्टी असते. खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणं तिचं काम. तिच्यावरचे बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकतात, त्यांचं माप सरकतं, आतला विरोध वाढतो आणि आवाज मंद, झाकोळलेला होतो. ते पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या चांगल्या फिल्म कपॅसिटरने बदलावेत. माप तेच, आणि दोन्ही पेट्यांतले एकदमच. फिल्मचा आतला विरोध फारच कमी असल्यामुळे ट्विटर कधी कधी तिखट होतो. तेव्हा त्याच्याबरोबर अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर घालावा. एवढ्या स्वस्त कामाने जो फरक पडतो तो नव्या ट्विटरने पडत नाही.

ॲम्प्लिफायरचं गणित एकदा समजून घेतलं की पुष्कळ पैसे वाचतात. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ती स्पीकरची संवेदनशीलता. एलएस ३/५ए ची सुमारे ८२, एखाद्या मोठ्या जुन्या पेटीची ९२. दहा डेसिबलचा फरक म्हणजे त्याच आवाजाला दहापट वॅट. मोठ्या पेटीला पाच वॅट पुरत असतील तर या छोटीला पन्नास लागतील. छोटा ॲम्प्लिफायर ताणून वाजवला की त्याचा सूर कापला जातो आणि पहिला बळी जातो तो ट्विटर. माझ्याकडे आलेले जळके ट्विटर बहुतेक असेच, अपुऱ्या ॲम्प्लिफायरने मारलेले.

ऐकायचं काय, यावरही निवड ठरते. आपल्याकडे संगीत म्हणजे बहुधा गळा, तंबोरा, तबला-पेटी. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा सूर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. एलएस ३/५ए सारखी छोटी पेटी तिथं पोचेपर्यंत बरीच थकलेली असते. कान हुशार आहे, खर्जाचे वरचे स्वरांश ऐकून तो मूळ सूर स्वतःच भरून काढतो, म्हणून तंबोरा ऐकूच येत नाही असं होत नाही. पण डग्ग्याची घुमारी छातीशी लागायची तर आठ इंचांचा तरी वूफर हवा. मी जोडी तपासताना किशोरीताई आमोणकरांच्या एलपीवरचा भूप लावतो. तंबोऱ्याची जवारी मोकळी आली तर ट्विटर धड आहे. डग्ग्यावरची मींड सलग खाली उतरली तर वूफर धड आहे. आणि गळा मधल्या पट्टीत एका जागी उभा राहिला, दोन पेट्यांच्या मधोमध, तर क्रॉसओव्हर जुळला आहे.

बाजारात जाताना दोन गोष्टी खिशात ठेवाव्यात, मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा सेल. आठ ओहमच्या वूफरवर मीटरने साडेपाच ते सात दाखवलं तर कॉइल ठीक आहे. सेलचं धन टोक वूफरच्या धन टोकाला क्षणभर लावलं की पडदा बाहेर येतो, जोडीतले दोन्ही एकाच दिशेला गेले पाहिजेत. फक्त जुन्या जेबीएलमध्ये पडदा आत जातो, तो दोष नव्हे, त्यांची रीतच तशी. पेटी उलटी करून तळ पाहावा, नखाने टोकरून वाळवी आहे का ते बघावं. मोटरसायकलवर मागे बांधून पाबे घाटातून पेटी आणू नये, हेही सांगून ठेवतो, कारण धक्क्याने जड चुंबक चौकटीवरून सरकलं की कॉइल कायमची अडकते.

खोलीबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. भोरमधल्या जुन्या वाड्यांत मातीच्या जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, कोनाडे, जाजम. तिथं साधी कॉस्मिकची जोडीसुद्धा गोड लागते, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. त्याच घरच्या मुलाने शेजारी स्लॅबचं घर बांधलं, खाली चकचकीत फरशी, खिडक्यांना काचा, की तीच जोडी कर्कश होते. आणि बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झचा आणि त्याच्या दुप्पट ९४ चा सूर आपोआप फुगतो, कारण तेवढ्या लांबीत त्या लाटा नेमक्या बसतात. डग्गा मग भोपळ्यासारखा बोलतो. यावर नवा स्पीकर हा उपाय नव्हे. पेटी भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढावी, खाली सतरंजी टाकावी, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावावं.

गेल्या हिवाळ्यात वेल्ह्याकडचे एक निवृत्त गुरुजी आले. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. पुण्यातल्या भाच्याने त्यांना क्वाडची जुनी जोडी स्वस्तात मिळते म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, तो स्पीकर फार सुंदर आहे, पण त्याच्या खर्जाच्या पट्टीवर सहा हजार व्होल्टचा दाब असतो. तोरण्याखालच्या आषाढात ओल आणि धूळ धरली की आत ठिणग्या उडतील. तुमच्या घरी तो नको." त्यांना शेवटी आठ इंची वूफरची, रबरी कडेची सोनोडाइनची जोडी मिळाली, पेटी प्लायवुडची. कपॅसिटर बदलून दिले. पावसाळ्यासाठी सांगितलं ते असं: पेटी जमिनीवर नको, लाकडी चौरंगावर ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. मागच्या भोकाला बारीक जाळी ठोका. आणि दर दोन-तीन दिवसांनी तासभर तरी वाजवा, कॉइलच्या उबेने ओल धरत नाही. गुरुजी रोज पहाटे काकड्याच्या वेळेला लावतात म्हणे. आता त्यांना टर्नटेबलची सुई बदलायची आहे, तिच्यासाठी मी तपकीर गल्लीत सांगून ठेवलंय.