विश्लेषण : घरातले ज्येष्ठ पडतात, त्याला फक्त वय जबाबदार आहे का? एकटे डॉक्टर ते का टाळू शकत नाहीत?

घरातले ज्येष्ठ पडले की कारण एका वाक्यात सांगितले जाते, ‘बाथरूममध्ये पाय घसरला’. पुढचे वाक्यही ठरलेले असते, ‘वय झाले, चालायचेच’. वृद्धांच्या पडण्यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालेले संशोधन मात्र या दोन्ही वाक्यांशी सहमत नाही. पडण्याचा धोका आधी ओळखता येतो आणि बऱ्याच अंशी कमीही करता येतो. अडचण एवढीच की, त्यासाठी लागणारी माहिती एका माणसाकडे नसते. गोळ्या डॉक्टरांना माहीत असतात, चष्म्याचा नंबर चष्मेवाल्याला, ओल्या फरशीची जागा घरच्यांना आणि जिन्यातला बंद पडलेला दिवा सोसायटीच्या वॉचमनला.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार जण पडून मरण पावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे जे मृत्यू होतात, त्यात रस्ते अपघातांनंतर पडण्याचा क्रमांक लागतो. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत आणि प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठीपुढच्या वयोगटात सर्वाधिक आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटींच्या पुढे होती. त्यातले १ कोटीहून अधिक महाराष्ट्रातले.

सर्वाधिक धास्ती असते ती खुब्याच्या हाडाची. परदेशी अभ्यासांत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्के जण वर्षभरात दगावल्याचे दिसते. मृत्यू हाडामुळे होतोच असे नाही. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा हे सगळे मागोमाग येते. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना पूर्वीसारखे एकट्याने चालता येत नाही.

माणूस नेमका पडतो कशामुळे?

एक उदाहरण घेऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा रात्री दोन वाजता लघवीला उठतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोस्टेटचीही आहे. या दोन्ही प्रकारच्या औषधांमुळे झटकन उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येऊ शकतो. झोपेची अर्धी गोळी घेतलेली आहे. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यामुळे पाय फरशीवर नीट टेकला की नाही हे पटकन कळत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. ‘दिवा लावला तर सून जागी होईल’ म्हणून अंधारातच चालतात. वाटेत संडासाचा उंबरठा आणि त्यापुढे सरकणारे पायपुसणे.

आता हे आजोबा पायपुसण्यावरून घसरले असे म्हणायचे का? म्हणायला हरकत नाही, पण त्याच पायपुसण्यावरून त्यांचा नातू रोज पळत जातो आणि पडत नाही. इंजिनीअरिंगमध्ये शिकवतात की यंत्रणा सहसा एका भागामुळे कोसळत नाही, अनेक छोटे दोष एका वेळी जुळून येतात. इथेही तसेच आहे. यात दिलासा असा की, साखळीतली एक-दोन कडी काढली तरी पडणे टळू शकते. सगळेच दुरुस्त व्हायला हवे असे नाही.

औषधांचा भाग सर्वाधिक दुर्लक्षित आहे. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, झोपेची गोळी तिसऱ्यांनी कधी तरी लिहून दिलेली आणि सर्दीची गोळी थेट मेडिकलमधून आणलेली. सर्दी-खाजेच्या अनेक जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते, पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहणारे कोणी नसते. घरातल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून सहा महिन्यांतून एकदा फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवणे, हा फुकटातला उपाय आहे. रक्तदाब आडवे असताना आणि उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना औषधांचा फेरविचार करावा लागतो. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धोका घरी ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने डॉक्टरांसाठी तयार केलेल्या पद्धतीत सुरुवात तीन प्रश्नांनी होते. गेल्या वर्षभरात पडलात का? उभे राहताना किंवा चालताना तोल जातो असे वाटते का? पडण्याची भीती वाटते का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर पुढची तपासणी करायची.

त्यातली एक तपासणी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर होते. हाताची खुर्ची घ्या आणि तिच्यापासून तीन मीटरवर जमिनीवर खूण करा. नेहमीची चप्पल घालून, काठी वापरत असतील तर काठी घेऊन, त्यांनी खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. यास १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे मानतात. चाचणी घेताना शेजारी उभे राहा. ‘बाबा, लवकर चला’ असे म्हणून शर्यत लावू नका, आकडा चुकेल आणि बाबाही पडतील.

पडल्याचे ज्येष्ठ सांगत का नाहीत?

सीडीसीच्या माहितीनुसार अमेरिकेत ६५ वर्षांवरील चारपैकी एकाहून अधिक व्यक्ती दरवर्षी पडतात, पण त्यातले निम्म्याहून कमी डॉक्टरांना सांगतात. आपल्याकडचे कारण कुणालाही ओळखता येईल. सांगितले की फिरायला जाणे बंद, देवळात जाणे बंद, ‘तुम्ही आता एका जागी बसा’. म्हणून आई गुडघ्यावरचे काळे-निळे ‘कपाट लागले’ म्हणून उडवून लावते.

गंमत अशी, की एका जागी बसवणे हा उपाय नसून धोक्यात भर आहे. भीतीने चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल आणखी बिघडतो आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता वाढते.

कोणत्या उपायांनी खरेच फरक पडतो?

पहिला क्रमांक व्यायामाचा. कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती तपासली गेली. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले. पण कोणताही व्यायाम चालत नाही. नुसते बागेत फिरणे पुरेसे नाही. तोल सावरण्याचा आणि पायांच्या ताकदीचा सराव हवा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून उभे राहणे, असे प्रकार. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या अशाच घरगुती कार्यक्रमाने पडणे साधारण ३५ टक्क्यांनी कमी झाले. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करावी.

दुसरा उपाय घरातले धोके हटवण्याचा. कॉक्रेनच्याच २०२३ च्या आढाव्यानुसार याने पडणे २६ टक्क्यांनी कमी होते. ज्यांना मुळात जास्त धोका आहे, जसे की आधी पडलेल्यांना, त्यांच्यात ही घट ३८ टक्के आहे. आपल्या घरांत यादी लांब आहे : ओली मोरी, गुळगुळीत ग्रॅनाइट, देवघरासमोर सांडलेले तेल, खोलीखोलीतले उंबरठे, चार्जरच्या वायरी. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा लावताना तो भिंतीत नीट ड्रिल करून, फास्टनरने बसवा. टॉवेलचा रॉड टॉवेलचे वजन पेलण्यासाठी असतो, माणसाचे नाही. आणि पडणारा माणूस हात घालतो तो नेमका त्याच रॉडला. आंघोळीच्या स्टुलाला रबरी बूच हवेत. पायात सैल स्लिपर किंवा नुसते मोजे नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल बरी.

तिसरी गोष्ट मोतीबिंदूची. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबवण्याऐवजी लवकर केल्यास पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असे इंग्लंडमधील एका चाचणीत दिसले. ‘पिकू दे, मग बघू’ हा विचार म्हणूनच महाग पडू शकतो.

आणि ड जीवनसत्त्व? कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण पडू नये म्हणून सरसकट मोठा डोस घेणे उलटे पडू शकते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी जास्त निघाले. आपल्याकडे साठ हजार युनिटच्या पुड्या शेजारणीच्या सल्ल्यानेही सुरू होतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

सगळ्यांनी एकत्र काम केल्याने काय झाले?

याचे चांगले उदाहरण अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचे आहे. येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवून दिले की औषधे, तोल, ताकद आणि घर या सगळ्यांवर एकदम काम केले तर वर्षभरात पडणाऱ्यांचे प्रमाण ४७ ऐवजी ३५ टक्क्यांवर येते. पण शोधनिबंध छापून आला म्हणून दवाखान्यात काही बदलत नाही. म्हणून पुढे त्यांनी हार्टफर्ड शहराच्या परिसरात डॉक्टर, घरी जाणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपी केंद्रे, रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग आणि ज्येष्ठांची केंद्रे अशा सगळ्यांना प्रशिक्षण दिले. २००८ मध्ये निष्कर्ष आले. तुलनेसाठी निवडलेल्या भागापेक्षा इथे पडून होणाऱ्या गंभीर इजा ९ टक्क्यांनी आणि पडण्यामुळे घ्याव्या लागणाऱ्या वैद्यकीय सेवा ११ टक्क्यांनी कमी होत्या. आकडा छोटा वाटेल, पण तो निवडक रुग्णांचा नाही, संपूर्ण परिसराचा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२० मध्ये अमेरिकेतल्याच ८६ दवाखान्यांत झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित परिचारिकेने प्रत्येक ज्येष्ठाची स्वतंत्र योजना आखून दिली. गंभीर इजा ८ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठोस ठरला नाही. योजना कागदावर असणे आणि व्यायामाच्या वर्गापर्यंत पोहोचायला कोणी सोबत असणे, यात बरेच अंतर आहे. माझ्या मते या दोन अभ्यासांतला धडा तोच आहे.

महाराष्ट्रात कोणाच्या हाती काय आहे?

सुटे भाग आपल्याकडे बरेच आहेत. आशा कार्यकर्ती तिशीपुढच्यांकडून जो तपासणी अर्ज भरून घेते, त्यात साठीपुढच्यांसाठी ‘उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का’ हा प्रश्न आधीपासूनच आहे. म्हणजे सीडीसीच्या तीनपैकी एक प्रश्न आपल्या गावागावांत विचारला जातो. उत्तर ‘हो’ आले की पुढे तोलाची तपासणी, गोळ्यांची पिशवी आणि घराची पाहणी व्हायला हवी. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी साप्ताहिक ओपीडीची तरतूद आहे. हे काम तिथे बसू शकते.

साधनांसाठीही योजना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ६५ वर्षांवरील नागरिकांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा यांसाठी एकरकमी ३ हजार रुपये मिळतात. पण काठी मिळाली तरी ती मापाची आहे का हे कोण पाहणार? सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. अनेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, हास्यक्लब यांच्याकडे तर तयार गर्दी आहे. रोज सकाळी जमणाऱ्या या मंडळींना दहा मिनिटे तोलाचे व्यायाम शिकवायला महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट बोलावणे अवघड नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर भांडण होते. जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा, पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी आणि वर-खाली दोन्हीकडे दिव्याचे बटण, हे विषय पाच मिनिटांत मंजूर होतील एवढ्या खर्चाचे आहेत. एसटीतून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, हे उत्तमच. पण बसची पहिली पायरी अजून तेवढीच उंच आहे.

आणि तरीही पडलेच तर?

लगेच ओढून उठवू नका. शुद्ध आहे का, कुठे दुखते ते विचारा. एक पाय आखूड झालेला, बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला किंवा त्यावर भार देता येत नसेल तर खुबा मोडलेला असू शकतो. चोळणे, ओढणे, हाड बसवणाऱ्याकडे नेणे टाळा आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचे कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळते आणि त्यातून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. ते आधीच काढून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्या.

एकटे राहणाऱ्यांनी फोन गळ्यात किंवा खिशात ठेवावा, टेबलावर नाही. जमिनीवर तासन्‌तास पडून राहिल्याने शरीरातले पाणी कमी होते, स्नायूंना आणि मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. रोज सकाळी ठरलेल्या वेळी शेजाऱ्याला किंवा मुलीला एक मिस्ड कॉल देण्याची पद्धत घालून घेता येते. मदत कुठे मिळेल याची माहिती १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर मिळते.

रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : हाड जोडले, पण पडले कशामुळे?