‘डाऊन’च्या बाळाचे हृदय व थायरॉइड तपासून घ्या

बाळ दूध ओढताना धापा टाकते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही. ‘डाऊनचे मूल असेच असायचे’ अशी घरच्यांची समजूत होते आणि मोलाचे महिने निघून जातात.

डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. यात आईवडिलांचा काहीही दोष नसतो. अशा जवळजवळ निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. बहुधा कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते. छिद्र मोठे असल्यास फुफ्फुसांकडे जादा रक्त जाते, तेथील दाब वाढतो आणि फार उशीर झाला तर शस्त्रक्रियाही करता येत नाही. छातीत आवाज ऐकू आला नाही तरी दोष असू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यातच इको तपासणी करून घ्यावी.

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, सुस्ती, खुंटलेली वाढ दिसते. हीही लक्षणे ‘डाऊन’च्या नावावर खपून जातात आणि बुद्धीच्या वाढीचे आणखी नुकसान होते. रक्ताची टीएसएच तपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करावी. दोष आढळल्यास डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी रोज द्यावी. आपल्या मनाने बंद करू नये.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या तिन्ही विकारांचा समावेश आहे. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.