गाडीच्या आतल्या रंगाची पूर्वमशागत



जळोचीच्या भाजीपाला बाजारात माल उतरवला की गाडी तासन् तास उन्हात उभी राहते. आपला मुलूख कमी पावसाचा, ऊन कडक. चार-पाच उन्हाळे गेले की आतला डॅशबोर्ड पांढुरका पडतो, दाराची प्लॅस्टिकची पट्टी खरखरीत होते, सीटचे रेग्झिन ताठरते. मग घरात बोलणे निघते, ‘एक डबा रंग आणा आणि मारून टाका.’

मीही एकदा तसेच केले. खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट डॅशबोर्डवर ब्रशने मारला. आठवडाभर छान दिसला. चैत्रात गाडी तापली तसा रंग चिकट झाला आणि लग्नाला निघताना आमच्या सौभाग्यवतींच्या नव्या साडीला डाग लागला. पुढे तो रंग कांद्याच्या सालीसारखा निघू लागला. चूक रंगाची नव्हती, माझी होती. मशागत न करताच मी पेरणी केली होती.

रंग का धरत नाही?

गाडीतील बरेच भाग पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात. इटलीचे शास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली ते प्रयोगशाळेत तयार केले. पुढे १९६३ साली त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लॅस्टिक हलके व चिवट, पण त्याच्या पृष्ठभागावर साधा रंग पकड घेत नाही. भाग काढून मागे पाहा. तेथे इंग्रजी ‘पी पी’ ही अक्षरे दिसली तर प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर लागेलच. ‘ए बी एस’ असेल तर रंग त्यामानाने सहज धरतो.

रेग्झिनची गोष्ट वेगळी. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने ते हळूहळू उडून जाते. काचेवर आतून धूसर थर बसतो, त्यात या द्रव्याचाही वाटा असतो. ते गेले की रेग्झिनला चिरा पडतात. रंगाने चीर झाकते, मऊपणा परत येत नाही.

आधी औषधाचा विचार

माझे खरे सांगणे येथे आहे. फवारणीची औषधे याच गाडीतून येतात आणि संध्याकाळी त्याच सीटवर मुले बसतात. कधी बाटली झिरपली असेल तर त्यावर रंग मारणे म्हणजे विष झाकून ठेवणे. रबरी हातमोजे घालून, दारे उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. ते पाणी विहीर, ओढा, गोठा यांपासून दूर टाका. सीटच्या फोममध्ये औषध मुरले असेल तर फोम बदलाच. यापुढे औषधे मागच्या हौद्यात, झाकणाच्या पेटीत आणावीत.

कृती

१. सुटणारे भाग काढून घ्या. एअरबॅग किंवा वायरिंग असलेल्या भागाला मेकॅनिकशिवाय हात लावू नका.

२. साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. चकाकीसाठी पूर्वी लावलेल्या पॉलिशचा अंशही राहता कामा नये. त्यावर रंगाला खळगे पडतात. पेट्रोल वा थिनरने पुसू नका. प्लॅस्टिक खराब होते आणि बंद गाडीत वाफेचा भडका उडू शकतो.

३. चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने हलके घासा. दाणेदार पृष्ठभाग असेल तर भांडी घासण्याच्या चोथ्याने घासा, म्हणजे नक्षी जात नाही. धूळ पुसून घ्या.

४. प्रायमरचा एक पातळ हात द्या. मग प्लॅस्टिकला चालणाऱ्या स्प्रे रंगाचे तीन-चार पातळ हात, वीतभर अंतरावरून. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. जाड हात दिला की ओघळ येतात.

५. काम सकाळी, सावलीत, वारा नसताना, मोकळ्या जागी करा. नाका-तोंडाला रंगाच्या वाफेसाठीचा मास्क लावा. उपरणे पुरत नाही. मुलांना व जनावरांना दूर ठेवा.

डॅशबोर्डला रंग बिनचकाकीचाच घ्या. चकचकीत रंगाचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि रस्ता नीट दिसत नाही.

काय रंगवू नये?

स्टिअरिंग, ब्रेक व क्लचची पायपेडले, सीटबेल्टचा पट्टा आणि एअरबॅगचे झाकण यांना रंग लावू नका. हात-पाय घसरणे किंवा वेळेला एअरबॅग नीट न उघडणे जिवावर बेतेल. उन्हाने ठिसूळ झालेला, हाताने दाबताच कडकड वाजणारा भागही रंगवण्यात अर्थ नाही, तो बदलावा. रोज बसण्याचे सीट रंगवण्यापेक्षा कुशनवाल्याकडून नवे कव्हर शिवून घेणे बरे. दारावरचे रेग्झिन शाबूत असेल तर त्यासाठी मिळणारा लवचीक रंगच वापरा.

शेवटची सूचना. नवे वाण आपण आधी चार सऱ्यांत लावून पाहतो. तसा एखादा आतला, न दिसणारा तुकडा आधी रंगवा. आठवडाभराने त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंग आला नाही तर पुढचे काम हाती घ्या. आला, तर धुण्यात कसर राहिली असे समजा आणि पुन्हा साबणापासून सुरुवात करा.